उतारावर नजर: हिमालयातल्या प्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

हिमालयात प्राणी पाहायला निघालेल्या वाचकांच्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. जिप्सीत बसून जंगल पाहायची सवय असलेल्यांनी एवढे आधीच मनाशी पक्के करावे की इथे प्राणी बहुधा समोरच्या डोंगरावर असतो. तो आपल्याला दुर्बिणीने शोधावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघे चोपता-तुंगनाथला चार दिवस राहणार आहोत. पक्ष्यांची माहिती भरपूर मिळते. सस्तन प्राणी कुठे आणि किती वाजता दिसतील? (कोल्हापूर)

चोपता साधारण २,७०० मीटरवर आहे आणि तुंगनाथचे देऊळ ३,६८० मीटरवर. मधली फरसबंदी वाट साडेतीन-चार किलोमीटरची आहे. हा भाग १९७२ साली जाहीर झालेल्या केदारनाथ अभयारण्याला लागून आहे. मे महिन्यात देऊळ उघडलेले असते, म्हणजे सकाळी सातनंतर वाटेवर खेचरे, घंटा आणि मोबाइलवरची गाणी. त्यामुळे पहाटे साडेचारला वाटेला लागा. उजाडताना झाडांची हद्द संपते तिथे, खर्सू ओक आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) झुडपांच्या कडेला पोहोचलेले असायला हवे.

कस्तुरीमृग दिसला तर याच पट्ट्यात आणि याच वेळी. गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा, खांद्यापेक्षा पुठ्ठे उंच, पळताना सशासारख्या उड्या. त्याला शिंगे नसतात. नराच्या वरच्या जबड्यातून दोन सुळे खाली आलेले असतात, ते जवळून पाहिले तरच दिसतात. तो ठरलेल्या जागी वारंवार लेंड्या टाकतो. झाडाच्या बुंध्याशी बारीक काळसर लेंड्यांचा जुना-नवा ढीग मिळाला तर वारा ढिगाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला, वीसेक मीटरवर, आडोशाने बसून राहा. चार दिवसांत एकदा, दोन-तीन सेकंद दिसला तरी सहल चांगली झाली म्हणायची.

ताहर (हिमालयी रानबोकड) शोधायला सकाळी ऊन कड्यांवरून खाली उतरू लागले की देवळाच्या खालच्या वळणांवर थांबून पलीकडचे गवताळ कडे पाहा. सकाळी नऊपर्यंत तो चरतो, मग कड्याच्या कपारीत जाऊन बसतो आणि दगडात मिसळून जातो. नराच्या मानेभोवती लांब केसांची झालर असते, शिंगे आखूड आणि मागे वळलेली. बहुतेक लोक चुकतात ते इथेच: ते डोंगरधारेवर, आकाशाच्या रेषेवर प्राणी शोधतात. ताहर मात्र धारेच्या बराच खाली, गवताच्या अरुंद पट्ट्यांवर असतो.

पायका पाहायला तर चालायचीही गरज नाही. वाटेच्या कडेच्या दगडी बांधावर, देवळाजवळच्या खडकांत तो राहतो. उंदरासारखा दिसला तरी तो सशाचा नातलग आहे आणि हिवाळ्यात झोपी जात नाही. एकदा आत पळाला की दहा मीटरवर पंधरा मिनिटे न हलता बसा, त्याच फटीतून बाहेर येईल. पिवळ्या गळ्याचा मार्टेन (मुंगसाच्या अंगलटीचा शिकारी प्राणी) मात्र दिवसाढवळ्या, बऱ्याचदा जोडीने, चोपता ते कांचुला खर्क रस्त्यालगत दिसतो.

एक दिवस मंडल गावाच्या बाजूला खाली उतरण्यासाठी ठेवा. तिथल्या उभ्या गवताळ उतारांवर गोरल (बकरीसारखा रानप्राणी) असतो. तो शिंकेसारखा तुटक आवाज करतो. आवाज आला की आधी कान द्या, दिशा पकडा आणि मगच दुर्बीण डोळ्याला लावा. आणखी एक: मे-जूनमध्ये चीडच्या (पाइन) जंगलांना वणवे लागतात आणि खालच्या खोऱ्यांत धूर साचतो. असा दिवस आला तर वरच राहा.

प्रश्न: वाटाड्या ज्याला ‘थार’ म्हणाला तो प्राणी पुस्तकातल्या ताहरसारखा मुळीच नव्हता. काळपट, गाढवासारख्या लांब कानांचा, जंगलात एकटा. वाटाड्याची चूक की आमची? (डोंबिवली)

दोघांचीही नाही. तुम्ही पाहिला तो सेराव. कुमाऊँत आणि नेपाळात ‘थार’ म्हणजे सेरावच, आणि ताहरला नेपाळीत ‘झारल’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतला ‘ताहर’ वाचून गेलेला माणूस हमखास फसतो. लडाखमध्ये नावे आणखी बदलतात: भरल (निळी मेंढी) म्हणजे ‘नापो’, आयबेक्स (रानबोकड) ‘स्किन’, उरियल (रानमेंढा) ‘शापो’, लांडगा ‘शांगकू’ आणि हिमबिबट्या ‘शान’. हे पाच शब्द पाठ करून जा, वाटाडे आपसात बोलतात तेव्हा कानावर पडतात. भरल आणि आयबेक्स ओळखायला शिंगे पाहा. भरलाची गुळगुळीत आणि बाजूला पसरून मागे वळलेली, आयबेक्सची कोयत्यासारखी लांब, वर ठळक गाठी आणि खाली दाढी.

प्रश्न: ताडोबात वाघ अनेकदा पाहिला. हिमबिबट्यासाठी स्पितीत किब्बरला जावे की लडाखला? किती दिवस लागतील? (नागपूर)

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये, १२४ उत्तराखंडात आणि ५१ हिमाचलात. आकडे पाहून लडाख निवडावे असे वाटेल, पण दिसण्याची शक्यता एकूण संख्येपेक्षा एखाद्या दरीत भक्ष्य किती आहे आणि तिथले गावकरी रोज पहाटे उतार तपासतात की नाही, यावर ठरते. किब्बर आणि लडाखमधली रुंबक व उले ही गावे दोन्ही बाबतींत चांगली आहेत. निवड रस्त्यावरून करा, ते पुढच्या उत्तरात येईल.

जानेवारी ते मार्च हाच काळ योग्य. बर्फामुळे भरल आणि आयबेक्स खाली उतरतात, त्यांच्यामागे हिमबिबट्याही येतो. शिवाय हा त्यांच्या मिलनाचा हंगाम, त्यामुळे ते जास्त फिरतात, खडकांवर खुणा करतात, हाकाही मारतात. प्रत्यक्ष पाहणीसाठी किमान पाच-सहा पूर्ण दिवस धरा. तीन दिवसांची सहल विकणाऱ्याकडून घेऊ नका. आणि ‘हमखास दर्शन’ असे छापणाऱ्याकडून तर नकोच.

शोधण्याची पद्धत अशी. समोरचा डोंगर मनात आडव्या पट्ट्यांत कापा. एक पट्टा डावीकडून उजवीकडे, त्याखालचा उजवीकडून डावीकडे. ८×४२ची (आठ पट मोठे दाखवणारी) दुर्बीण हातात स्थिर राहते. १०×४२ घेतलीत तर कोपर गुडघ्यावर टेकवा. डोंगरधार, कड्याचा पाया, सुळक्यांच्या मधली घळ आणि पहिले ऊन पडणारी कपार, इथे दुप्पट वेळ द्या. दर वीस मिनिटांनी तोच उतार पुन्हा पाहा, कारण झोपलेला हिमबिबट्या दगडच असतो, कूस बदलली की प्राणी होतो. कित्येकदा आधी शेपूट दिसते. ती जवळपास एक मीटर लांब आणि जाड असते.

बिबट्यापेक्षा भरलांकडे जास्त लक्ष द्या. कळप चरणे थांबवून एकाच दिशेला माना करून उभा राहिला, तर त्या माना जिकडे आहेत तिकडचा उतार तपासा. कावळे आणि गिधाडे एका जागी घिरट्या घालत असतील, पण उतरत नसतील, तर शिकारीवर मालक बसलेला असू शकतो. मोठी शिकार झाली की तो बरेच दिवस तिच्या आसपास राहतो, तेव्हा संध्याकाळी दिसला नाही तरी दुसऱ्या दिवशी तिथेच या.

अंतर बहुधा अर्धा ते दीड किलोमीटर असते. एवढ्यावर ४०० मिमीच्या लेन्समध्ये तो ठिपका होतो. २०-६० पट मोठे दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि जड ट्रायपॉड असलेला वाटाडा निवडा. जवळ जाण्यासाठी चढू नका. तुम्ही हललात की तो धारेपलीकडे जातो आणि मागे उभ्या दहा जणांचा दिवस बुडतो.

प्रश्न: वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. किब्बर झेपेल का? (नाशिक)

परवानगी तुमचे डॉक्टर देतील, आम्ही फक्त रस्त्याचे गणित सांगतो. विमानाने लेहला उतरलात की दोन तासांत ३,५०० मीटर, शरीराला काहीच तयारी नाही. तिथे पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात काढायचे, तिसऱ्या दिवशी वर. स्पितीला सिमला, किन्नौर, नाको असे हळूहळू चढता येते आणि हिवाळ्यात तोच मार्ग उरतो, कारण मनालीकडून येणारी कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. किब्बर ४,२०० मीटरच्या आसपास आहे. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम धरून मुक्काम आखा. ॲसिटाझोलामाइडचा प्रतिबंधक डोस साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो, पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाची इतर औषधे असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

बसल्या जागी धाप लागणे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत सरळ रेषेत चालता न येणे, ही उद्या सकाळपर्यंत थांबण्याची लक्षणे नाहीत. रात्र असली तरी खाली उतरायचे.

घरांत लाकडाची किंवा शेणाची बुखारी पेटवतात. झोपताना ती विझू द्या, किंवा खिडकीची फट उघडी ठेवा. बंद खोलीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड डोकेदुखीपासून सुरू होतो आणि ती डोकेदुखी उंचीची समजून लोक तशीच झोपतात.

प्रश्न: थंडीत साप-सरडे कसे जगतात? आणि आम्हाला पाहायचे असतील तर? (सावंतवाडी)

पाहायचे असतील तर जून ते सप्टेंबर, सकाळी नऊ ते बारा, पूर्वेकडे तोंड असलेले दगडी बांध आणि घसारा. रात्रीच्या थंडीनंतर त्यांना अंग तापवावेच लागते, म्हणून पहिल्या उन्हात ते उघड्यावर येतात. पाऊस पडून गेल्यावर ऊन पडले तर आणखी चांगले.

उत्तराखंड-हिमाचलच्या रस्त्यांवर सर्वांत सहज दिसतो तो काश्मिरी खडक-सरडा. धरणबंधाऱ्यासारख्या उभ्या दगडी भिंतींवर चपट्या अंगाने बसतो, विणीच्या काळात नराचा गळा आणि अंग निळसर होते आणि तो जोर काढल्यासारखा वरखाली होतो. गवताळ कुरणांत दगडांच्या कडेला सापसुरळ्या मिळतात. लडाखमध्ये त्सो कार आणि त्सो मोरीरीच्या आसपास, ४,५०० मीटरच्या वाळूत, बेडकासारख्या तोंडाचा एक छोटा सरडा राहतो. तो अंडी घालत नाही, पिल्ले देतो. अशा जागी जमीन इतकी गार असते की पुरलेली अंडी उबणार नाहीत. मादी मात्र पोटातली पिल्ले घेऊन दिवसभर उन्हाच्या मागे फिरू शकते.

हिमालयी पिट व्हायपरही पिल्लेच देतो. तुमच्याकडच्या चापड्याचा हा नातलग, डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळगीवरून ओळखू येतो. रंग तपकिरी, त्यावर गडद ठिगळे, लांबी बहुधा दोन-अडीच फूट. जळणाच्या ढिगात, सुट्या दगडांखाली, तंबूच्या कडेला सापडतो. तो पळत नाही, म्हणून पाय पडण्याचा धोका. दोन मीटरवरून पाहा, दगड उलटू नका. आपल्याकडचे सर्पदंशावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. या सापावर त्याचा उपयोग धरता येत नाही. दंशाने सूज आणि वेदना येतात, मृत्यू दुर्मीळ. अंगठी-घड्याळ काढा, हातपाय लाकडाला बांधून स्थिर करा, आवळपट्टी किंवा काप नको, आणि चोपत्याहून असाल तर रुद्रप्रयाग किंवा गोपेश्वरच्या जिल्हा रुग्णालयात न्या.

नागराज नैनितालच्या जंगलांतही आहे. २०२४ साली शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार जाती वेगळ्या केल्या, त्यात पश्चिम घाटातला कालिंग एक आणि हिमालयाच्या पायथ्याचा दुसरा. म्हणजे सिंधुदुर्गात पाहिलेला आणि उत्तराखंडात पाहाल तो, यादीत दोन नोंदी.

प्रश्न: लडाखमधले मार्मोट हातातून बिस्किटे खातात. काय बिघडते? (पुणे)

मार्मोट ऑक्टोबरच्या सुमारास बिळात जातो आणि वसंतात बाहेर येतो. अर्धे वर्ष तो उन्हाळ्यात गवत खाऊन साठवलेल्या चरबीवर काढतो. मैदा, साखर आणि मीठ त्यासाठी नाही. माणसाच्या जवळ यायला शिकलेला मार्मोट कुत्र्यांनाही जवळ येऊ देतो, आणि लडाखमध्ये मोकाट कुत्र्यांची कमी नाही. शिवाय त्याच्या अंगावरच्या पिसवा रोग पसरवू शकतात. फोटो हवा तर बिळापासून वीस-पंचवीस मीटरवर पोटावर आडवे व्हा. शिट्टीसारखा इशारा दिला तर तुम्ही जास्तच जवळ आहात.

प्रश्न: गेल्या हिवाळ्यात कॅमेऱ्याची बॅटरी अर्ध्या तासात संपली आणि सगळे फोटो धूसर आले. लेन्स बिघडली असेल का? (ठाणे)

बहुधा नाही. उणे वीसमध्ये लिथियम बॅटरी क्षमता गमावते, पण मरत नाही. तीन बॅटऱ्या न्या, दोन बनियनच्या खिशात अंगाला लागून ठेवा, संपलेली तिथेच टाका, गरम झाली की पुन्हा थोडी चालेल. धूसरपणाची कारणे दोन. दुपारी उन्हाने तापलेल्या खडकांवरची हवा थरथरते, लांब लेन्समधून ती थरथर फोटोत उतरते आणि कोणतीही सेटिंग ती घालवत नाही. सकाळी दहाच्या आत फोटो घ्या. दुसरे, थंड कॅमेरा बुखारीच्या खोलीत आणला की आत दव धरते. बाहेरच पिशवीत घालून, हवा काढून, घट्ट बंद करा आणि खोलीत दोन तास तशीच राहू द्या. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो पाहायच्या घाईत पिशवी उघडली जाते.