शुद्धीत असताना नाकातलं मास काढायचं का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आमचे मालक 51 वर्षांचे आहेत. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात, थोडी कोरडवाहू शेती आहे. नाकात मास वाढलं म्हणून 2019 साली पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. दोनेक वर्षं बरी गेली. आता दोन्ही नाकपुड्या पुन्हा बंद. रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपतात. वास कशाचाच येत नाही, भाजी करपली तरी कळत नाही. दमा आहे, पंप दिलेला आहे, पण आठवण आली तर घेतात. मागच्या वेचणीत अंग दुखायलं म्हणून गावातून गोळी आणली. ती घेतली अन् तासाभरात नाक गळायला लागलं, दम लागला, रातोरात परभणीला न्यावं लागलं. आता डॉक्टर म्हणतात, पूर्ण भुलीची गरज नाही, खुर्चीत बसवून नाक बधिर करू, दवाखान्यातच काढू, संध्याकाळी घरी जा. शुद्धीत असताना दुखणार नाही का? डोळ्याला, मेंदूला धक्का लागेल का? पुन्हा वाढणार नाही ना? वास परत येईल का? आणि खर्च झेपला नाही तर कुठं जावं?
— एक वाचक भगिनी, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी त्या अंगदुखीच्या गोळीबद्दल. तुम्ही ती हकिगत ओघात लिहून गेलात. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

नाकात पॉलिप (तुम्ही म्हणता ते वाढलेलं मास), सोबत दमा, आणि दुखण्याची गोळी घेतली की नाक गळून धाप लागणं, या तीन गोष्टी एकाच माणसात एकत्र सापडतात. फ्रान्समध्ये डॉक्टर विडाल यांनी 1922 सालीच हे नोंदवून ठेवलं होतं. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सगळी असा त्रास करणारी, एकाच कुळातली औषधं. आपल्याकडे ही औषधं दोन-तीन औषधांच्या मिश्र गोळ्यांमध्ये असतात, त्यामुळे पाकिटावरचं मोठं नाव वाचून काही कळत नाही. गावात अंगदुखीला सर्रास टोचतात ते इंजेक्शनही बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकचंच असतं. मालकांना हाच त्रास असावा असा मला दाट संशय आहे. खात्री करायला म्हणून ती गोळी घरी पुन्हा देऊन बघू नका, त्यात जीव जाऊ शकतो. जुनं पाकीट सापडलं तर सर्जनना दाखवा. नाही सापडलं तर झालेला प्रकार सांगा आणि केसपेपरवर लाल शाईनं लिहून घ्या. कारण पॉलिप काढल्यावर संध्याकाळी घरी पाठवताना चिठ्ठीवर सवयीनं दुखण्याची गोळी लिहिली जाते, आणि तुमच्या घरी तीच नको आहे. साध्या मात्रेत पॅरासिटामॉल अशा बहुतेकांना चालतं, पण तेही सर्जनना विचारूनच.

आता खुर्चीत बसवून काढण्याचं. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, दारं उघडलेली आहेत, त्यामुळे पुन्हा आलेले पॉलिप समोरच असतात आणि दुर्बिणीतून हाताशी येतात. पहिल्यांदाच, आत खोलवर गच्च भरलेलं नाक असतं, तर मी पूर्ण भुलीचं ऑपरेशनच सुचवलं असतं.

दुखतं का? पॉलिप म्हणजे सुजून लोंबणारं अस्तर, सोललेल्या द्राक्षासारखं फिकट आणि ओलसर. त्याला स्वतःची संवेदना जवळजवळ नसते. दुखतं ते आजूबाजूचं नाक, म्हणून बधिर तेच करायचं. बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध यांत भिजवलेल्या कापसाच्या लांब पट्ट्या आम्ही चिमट्यानं एकेक करून आत सरकवतो आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतो. औषध घशात उतरतं, कडू लागतं, वरचे दात आणि ओठ जड होतात. घसाही बधिर होतो, तेव्हा काही जण घाबरतात, गिळता येत नाही म्हणतात. गिळता येत असतं, फक्त जाणवत नाही. गरज पडली तर आत छोटं इंजेक्शन देतात. त्यात अ‍ॅड्रिनलिन असलं तर मिनिटभर छाती धडधडते आणि थांबते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर म्हणूनच आधी सांगायचं. मग दुर्बीण आणि मायक्रोडिब्रायडर. ही एक पोकळ नळी असते, टोकाशी फिरतं पातं. पॉलिप आत ओढून कापते आणि लगेच शोषून घेते. घुर्रर्र आवाज कानाजवळच होतो, त्याची कल्पना आधी दिली तर माणूस दचकत नाही. घशात रक्त आलं तर गिळू नये, थुंकावं. जीभ बधिर होणं, कानात गुणगुण, गरगरणं असं वाटलं तर लगेच हात वर करायचा. बधिर करायच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि मात्रा जास्त झाल्याची पहिली खूण रुग्णच सांगू शकतो.

डोळ्याची भीती तुम्ही उगाच धरली नाही. सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं आणि छताच्या वर मेंदू. एकदा ऑपरेशन झालेल्या नाकात नेहमीच्या खुणाही बदललेल्या असतात. म्हणून नवा सीटी स्कॅन समोर ठेवल्याशिवाय हात लावू देऊ नका. 2019 चा चालणार नाही. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायलाही सांगा. एकाच बाजूची गाठ, वारंवार रक्त येणारी गाठ किंवा लहान मुलाच्या नाकातली गाठ असेल तर स्कॅनच्या आधी कुणीही चिमटा घालू नये, हे इतर वाचकांसाठीही लिहिते. आणि बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून औषधाचे थेंब घालून मास गाळून देतो म्हणणाऱ्यांकडे तर पाऊलही टाकू नका. अशा औषधानं मधला पडदा जळून भोक पडलेली नाकं मी पाहिली आहेत.

माझी एक अट मात्र आहे. दमा आटोक्यात येईपर्यंत तारीख घेऊ नका. पंप आठवण आली तर नाही, रोज सकाळ-संध्याकाळ. छातीत घरघर असताना त्यांना खुर्चीत बसवणं मला मान्य नाही.

पुन्हा वाढणार नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि गोळीचा त्रास असलेल्यांत तर ते लवकर परत येतात. खुर्चीत बसवून काढल्यानं वाट मोकळी होते, अस्तराची सूज तशीच राहते. ती दाबून ठेवतो नाकातला स्टिरॉइडचा फवारा, आणि बंद नाकात तो पोचत नाही, म्हणून तर आधी वाट मोकळी करायची. त्यानंतर तो रोज, महिनोन्महिने. मान थोडी खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि जोरात ओढायचं नाही. हे स्टिरॉइड रक्तात फार थोडं जातं, घाबरू नका. स्टिरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी साखर वाढते. मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब मात्र आठवड्यापलीकडे वापरू नयेत, त्यांनी नाक उलट जास्त चोंदतं. फवाऱ्याआधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. पाणी टँकरचं असो, बोअरचं असो की फिल्टरचं, उकळून गार केलेलंच.

पहिले आठ-दहा दिवस नाक शिंकरणं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, कापसाची ओझी उचलणं नाही, जिनिंगच्या धुळीत जाणं नाही. रक्त थांबेना, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा एका नाकपुडीतून पाण्यासारखं ठिबकू लागलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

वास अनेकांना परत येतो, काहींना थोडाच, आणि सूज वाढली की पुन्हा जातो. तोपर्यंत घरातला गॅस तुम्ही बघा आणि कपाशीवर फवारणीला त्यांना पाठवू नका. औषधाचा वासच येत नाही, तर किती नाकातोंडात गेलं ते त्यांना कळणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर सेलूहून नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला थेट रेल्वे आहे, आणि दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे घाटीत गेलात तर सकाळी ओपीडीच्या वेळेत पोचा. रेशनकार्ड, आधार आणि 2019 चे कागद सोबत घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. खुर्चीतल्या छोट्या कामाला योजना लागू नसली, तरी सरकारी दरात ते होऊ शकतं.