संरक्षणावर जीडीपीच्या 3 टक्के खर्च करावा, की तो पैसा शेतकऱ्याला द्यावा?

तुमच्या प्रश्नात मी दोन्हीकडून येतो. राहतो वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, लष्कराचा पुलगावचा दारूगोळा डेपो जवळच, आणि शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापूस.

माझ्या मते 2 टक्क्यांच्या आसपास बरं आहे, 3 चा हट्ट नको. त्याहून फार खालीही जाऊ नये. 1962 ला जवानांकडे थंडीचे कपडेसुद्धा धड नव्हते, आणि त्या फजितीनंतर यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून मुंबई सोडून दिल्ली गाठावी लागली. पण खरी मेख टक्क्यात नाही, वाटणीत आहे. 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटींचं. त्यातल्या शंभर रुपयांमागे 24 पेन्शनला जातात आणि विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खर्चाला 26 उरतात. बाकी बहुतेक पगार, रेशन, डिझेल, दुरुस्ती.

मग पेन्शन कापा, असं टीव्हीवर बसून म्हणता येतं. 2022 मध्ये चार वर्षांच्या फौजभरतीची अग्निपथ योजना आली. सरकार कारण सांगतं तरुण फौजेचं, पण पेन्शनचा बोजा पुढे हलका होणार तो त्यातूनच. आमच्याकडे पोट्टे पहाटे डांबरी रोडवर धावतात, एक जण मोबाइलवर टाइम लावून उभा. 1600 मीटर, साडेपाच मिनिटं. इतकं करून चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीचे पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन परत. सोयरिकीत मुलीकडचे आता आधी विचारतात, "परमनंट आहे का?" फौजी म्हटलं की पूर्वी हा प्रश्नच येत नसे.

आणि देखभाल? 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या डेपोत आग लागून स्फोट झाले, विझवायला गेलेली माणसं गेली. साठवण, अग्निशमन, जुना माल वेळेत नष्ट करणं, यांना 26 जानेवारीच्या संचलनात चित्ररथ मिळत नाही. वाढीव पैसा असलाच तर माझ्या मते आधी इथे लावा.

राहिला शेतकरी. संरक्षणाचे कापलेले पैसे त्याच्या घरी येतील, हा भाबडेपणा झाला. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरपर्यंत वाढवली, ऐन वेचणीच्या हंगामात. दोन विमानं कमी घेतली असती तरी हा निर्णय झालाच असता. कापसाच्या भावाचं भांडण अर्थ आणि वस्त्रोद्योग खात्याशी आहे. त्यात फौजेला कशाला ओढता?