विझत चाललेल्या स्फोटाकडे इन्फ्रारेड दुर्बीण पुन्हा पुन्हा का वळवतात?

सोलापूरकर असाल तर एप्रिलमध्ये रात्री दहाला गच्चीवर अनवाणी जाऊन बघा. सूर्य कधीच मावळलाय, फरशी काळोखात आहे, तरी तळव्यांना गरम लागते. तापलेली फरशी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडत असते, तो म्हणजे इन्फ्रारेड. डोळ्यांना विझलेलं दिसतं ते खरं तर विझलेलं नसतं.

17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठे तारे संपल्यावर उरणारे अतिशय घट्ट गोळे) टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठलेले तरंग, पकडल्या गेल्या. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत प्रकाशाचा नवा ठिपका दिसला. त्याचा निळा प्रकाश दोन-तीन दिवसांत ओसरला, इन्फ्रारेड मात्र कित्येक दिवस टिकला. टकरीत तयार झालेली लँथनाइडसारखी जड मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवून धरतात, ऊर्जा हळूहळू लांब तरंगलांबीतून, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशातून, बाहेर पडते. म्हणजे ही लाली म्हणजे जड मूलद्रव्यं घडल्याची खूणच! स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीला 43 आणि 74 दिवसांनीही तो ठिपका सापडला.

एकच फोटो पुरत नाही. किती वेगाने मंदावतोय, यावरून बाहेर फेकलेल्या द्रव्याचा अंदाज येतो. शिवाय ठिपका पूर्ण विझल्यावर त्याच जागेचा आणखी एक फोटो घेतात आणि जुन्यातून वजा करतात, म्हणजे दीर्घिकेचा स्वतःचा उजेड निघून जातो. हे शेवटचं निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अशीच खूण पुन्हा सापडली: 7 मार्च 2023 च्या गॅमा किरण स्फोटानंतर (अतिऊर्जावान किरणांचा अवकाशातून आलेला अल्पकाळाचा झोत) जेम्स वेब या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने 29 आणि 61 दिवसांनी पाहिलं, तेव्हा वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार वेगळ्या केलेल्या प्रकाशात, टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण दिसली.