आधी मनगट धर

बाळा,

तुझा मेसेज पहाटे वाचला आणि गॅसवरचा चहा उतू गेला. स्लीव्हच्या, म्हणजे वजन उतरवायला पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या, दुसऱ्या दिवशीची बाई चालायला तयार नाही, रडते, सारखं पाणी मागते; कडक वागू की मऊ, असं विचारलंस. दोन्ही राहू दे. आधी तिचं मनगट धर.

मॉनिटर आहे, ठाऊक आहे मला. पण मनगट धरायला खुर्ची ओढून बसावं लागतं, आणि तू बसलीस की ती बोलते. उभ्या सिस्टरला पेशंट 'बरं आहे' याच्यापुढे काही सांगत नाही.

चालायला नाही म्हणाली तेव्हा तिचा गाऊन पाहिलास? मागे बांधायला नाड्या पुरतात का? एकशे दहा किलोच्या बाईला मध्यम मापाचा गाऊन चढवायचा, कॉरिडॉरमध्ये पाहुण्यांसमोर फिरायला सांगायचं आणि ती नाही म्हणाली की ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये 'आळशी' म्हणायचं! ऑपरेशनच्याच दिवशी चार-सहा तासांत उठवतो ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, आणि ते तिला कळतं गं. दुसरा गाऊन उलट्या बाजूने वरून घाल. बीपीचा पट्टाही मोठा माग. लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो आणि दंडाला काचतो तो वेगळाच.

पाणी. पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढलाय, उरलंय ते जेमतेम १००-१५० मिलीचं, आणि तेही सध्या सुजलेलं. घटाघटा प्यायली तर उलटणारच. म्हणून 'पाणी नाही' म्हणत बसू नकोस. औषधाचा ३० मिलीचा कप तिच्या हातात दे, पंधरा मिनिटांत घोट घोट करून संपवायला सांग, मग पुढचा. घरी गेल्यावर पाणी कमी पडून परत भरती होणारे किती पाहिलेत मी! मळमळीचं तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारायचं: ताई, घाटात एसटी लागते का? लागत असेल तर भूलतज्ज्ञांना सांग. बाईमाणूस, सिगारेट न ओढणारी, त्यात गाडी लागणारी, म्हणजे उलटीची शक्यता बरीच. डेक्सामेथासोन, ऑन्डानसेट्रॉन आधीच दिलं तर रात्र बरी जाते.

दुखण्याचं औषध घड्याळावर दे, कण्हण्यावर नको. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्धा तास थांब, मग चालव. ट्रामाडॉलने मळमळ वाढते. आणि घोरणारा पेशंट गाढ झोपलाय म्हणून खूश होऊ नकोस. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार, असेल तर डोकं उंच हवं, घरून आणलेलं सीपॅप, ते श्वास मोकळा ठेवणारं मशीन, लावलेलं हवं. ते मशीन पलंगाखाली पिशवीत सापडतं, दर वेळी!

आता खांदा. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चिडतं आणि दुखतो खांदा. बहुतेकदा एवढंच असतं. मीही एका रात्री एवढंच म्हणाले होते. चाळिशीची बाई, तिसरा दिवस, 'सिस्टर, काहीतरी बिघडलंय' म्हणत होती. ताप नाही, पोट मऊ. मी दारातूनच म्हणाले, गॅस आहे ताई, थोडं सोसायला हवं. पहाटे मोजली तेव्हा नाडी १२८. आत, कापलेल्या जठराच्या टाक्यांच्या रेषेतून गळत होतं. जाड पोटात गळती लवकर हाताला लागत नाही, तापही उशिरा येतो. नाडी मात्र आधी पळते. ती जगली, पण सात आठवडे नळ्यांवर. घरी जाताना माझ्यासाठी पेढे ठेवून गेली. मी खाल्ले नाहीत.

तेव्हापासून १२० दिसली की फोन. रात्री दोनला, अडीचला. सर्जन चिडायचे, मेट्रनने दोनदा बोलावून घेतलं, 'घाबरट इनचार्ज' असं नावही पडलं. बहुतेक वेळा काही निघालं नाही, पाणी कमी पडलेलं असायचं. मग? कमी पडलेलं पाणी तरी भरून निघालं ना! भांडखोरपणाने माझी एक बढती गेली हे तू ऐकलं असशील. खरं आहे. त्यात माझ्या जिभेचाही दोष होता, पण फोनचा नव्हता.

तुझ्या बाईची नाडी किती होती, ते तू लिहिलंच नाहीस. सगळा मेसेज पुन्हा वाचला मी, तिचं रडणं आहे, नवऱ्याची कटकट आहे, तुझी चिडचिड आहे. नाडी नाही. आत्ता जा, साठ सेकंद पूर्ण मोज, पंधरा मोजून चारने गुणू नकोस. १२० च्या वर असेल तर मला नंतर कळव, आधी सर्जनना. नसेल तर दोन गाऊन घेऊन जा.

तुझी,
जुनी इनचार्ज