शिकागोची पुरणपोळी, डेट्रॉइटचा ट्रे आणि आपला रेडीमेड बेस

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेले की शिकागोचा डीप डिश हा पिझ्झाच नाही, ती चीज भरलेली पुरणपोळी आहे. झालं! एवढी पत्रं तर उकडीच्या मोदकात तांदूळ कुठला घ्यावा यावर पण आली नव्हती. निम्मी पत्रं शिकागोत मुलं असलेल्या आईवडिलांची, म्हणजे राग कोणाच्या वतीने आहे ते कळतंच. म्हणून या वेळी सगळे प्रश्न पिझ्झाचेच घेतलेत, मिसळवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरा.

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात मुलीकडे एडिसनला (न्यू जर्सी) दोन महिने जातोय, मधे आठवडाभर शिकागो आणि दिराकडे डेट्रॉइटजवळ. जावई म्हणतो न्यूयॉर्कचाच पिझ्झा खरा, दीर म्हणतात डेट्रॉइटचा. हे शुद्ध शाकाहारी, मी बीफ सोडून सगळं खाते. नेमकं कुठे काय खायचं? — एक वाचक, मुलुंड

ताई, जावई आणि दीर दोघांनाही हो म्हणा, घरात शांतता राहील. पण खरं सांगू का, मला विचाराल तर कुठला पिझ्झा कसा हे रेसिपी नाही ठरवत, भट्टी आणि भांडं ठरवतं. आपल्याकडे तीच डाळ कुकरमधे वेगळी लागते आणि चुलीवर वेगळी, तसंच आहे हे.

न्यूयॉर्कचं घ्या. तिथे १९०५ पासून स्प्रिंग स्ट्रीटवर लोम्बार्डीज आहे, अमेरिकेतलं पहिलं पिझ्झाचं दुकान म्हणून त्याचंच नाव घेतात. या जुन्या दुकानांत कोळशाची भट्टी, तिच्यातून पूर्ण पिझ्झा निघतो आणि लगेच खायचा. ब्लीकर स्ट्रीटवरच्या जॉन्समधे (१९२९) तर स्लाइस मिळतच नाही, अख्खा घ्या नाहीतर घरी जा. हातात धरून दुमडून चालत चालत खायचा जो स्लाइस आपण सिनेमात बघतो तो गॅसच्या ओव्हनवाल्या दुकानांचा, तिथे पिझ्झा आधी करून ठेवतात आणि मागाल तेव्हा तुकडा परत गरम करून देतात, त्यानेच तो खालून कडक होतो. त्यासाठी कार्माइन स्ट्रीटचं जोज. 'प्लेन स्लाइस' म्हणायचं, बस. काकांची, म्हणजे तुमच्या ह्यांची, सोय झाली, उभ्या उभ्या खायचं, वडापावसारखं. आणि हो, तिथले लोक सांगतात आमच्या पाण्यामुळे पिझ्झा असा होतो. माझा नाही विश्वास, आमच्या शेजारच्या काकू पण कोल्हापूरहून आल्या की पाणी बदललं म्हणून रस्सा बिघडला म्हणतात.

पण तुम्ही दोन महिने एडिसनला आहात तर मॅनहॅटनच्या आधी एक काम करा, गाडीने तासाभरात रॉबिन्सव्हिल येतं, तिथे ट्रेंटन पद्धतीची 'टोमॅटो पाय' (पाय म्हणजे इंग्रजीतला pie, पिझ्झाच तो) मिळते. यात उलटं असतं, आधी चीज आणि वर टोमॅटो, त्यामुळे टोमॅटोचा आंबटपणा आधी जिभेला लागतो. पापाज नावाचं दुकान १९१२ चं आहे, मूळचं ट्रेंटनचं, आता रॉबिन्सव्हिलला. लोम्बार्डीज मधे दहा वर्षं बंद होतं (१९८४ ते ९४), म्हणून हे म्हणतात अखंड चालू असलेले सगळ्यात जुने आम्हीच. लोकल भांडण आहे, आपण खायचं.

आणि एक दिवस न्यू हेवनसाठी काढाच! न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून ट्रेनने दोनेक तास. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे (१९२५) आणि सॅलीज (१९३८) जवळजवळ शेजारी शेजारी. तिथे पिझ्झाला 'अपिझ्झा' लिहितात आणि 'अबीत्स' असं काहीतरी म्हणतात, इटलीतल्या नेपल्सच्या बोलीतून आलेलं. कोळशाची भट्टी, कडा काळ्या पडलेल्या. करपलाय म्हणून परत पाठवू नका, आपल्या भाकरीवर काळे डाग असतात तेव्हा आपण करपली म्हणतो का? इथे एक गंमत आहे, 'प्लेन' मागितलं तर त्यावर मोझरेला नसतं. टोमॅटो, तेल आणि वरून भुरभुरवलेलं थोडं किसलेलं चीज. मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं. तुम्ही मासे खात असाल तर पेपेची व्हाइट क्लॅम घ्या, तिसऱ्या असतात त्यावर, लसूण घालून. मी मालवणची, तिसऱ्यांच्या बाबतीत सहसा कोणाचं कौतुक करत नाही, पण त्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभी राहून मी दुसरा बॉक्स उघडला होता. सगळ्या अमेरिकेत एकच निवडायचा म्हणालात तर माझं मत हेच, न्यू हेवन.

आता शिकागो. बरं बाबा, पुरणपोळी शब्द मागे घेते, अर्धा. डीप डिश म्हणजे १९४३ साली आइक सूएल आणि रिक रिकार्डो यांनी पिझ्झेरिया ऊनो काढलं तिथला प्रकार, पदार्थ नक्की कोणाच्या डोक्यातून आला यावर तिथे अजून वाद आहेत. उंच काठाचं भांडं, पिठाची वाटी, तळाला चीज आणि सगळ्यात वर टोमॅटो. सॉस वर का, तर हा अर्धा तास ते पाऊण तास भाजला जातो, चीज वर ठेवलं तर कोळसा होईल. आणि पुरणपोळी मी ज्याला म्हटलं तो खरा 'स्टफ्ड', चीजवर पिठाची अजून एक पातळ पारी असते, जिओर्डानोज १९७४ पासून करतंय. काकांना तिथला पालकवाला चालेल. पण ऑर्डर देताना सॉसेज नको हे स्पष्ट सांगा, तिथे सॉसेज कधी कधी चकतीसारखा अख्खा थर लावतात, उचलून बाजूला काढायला तुकडेच नसतात! आणि माझ्यासारखी चूक करू नका, मी एका टुरिस्टांनी भरलेल्या ठिकाणी (नाव नको) पाऊण तास वाट बघताना भूक लागली म्हणून ब्रेड, सूप, सॅलड सगळं खाल्लं आणि पिझ्झा आला तेव्हा एका तुकड्यात गार. उरलेला तीन दिवस हॉटेलच्या फ्रीजमधे माझ्याकडे बघत होता.

शिकागोत राहणारे लोक रोज हे खात नाहीत. ते खातात टॅव्हर्न पद्धतीचा, पातळ, कुरकुरीत, गोल पिझ्झा आणि त्याचे चौकोनी तुकडे, दारूच्या गुत्त्यात बिअरबरोबर प्लेट न लागता नॅपकिनवर खाता यावेत म्हणून एवढे छोटे. साउथ साइडला व्हिटो अँड निक्स. मधले तुकडे आधी संपतात, कडेचे त्रिकोणी कुरकुरीत तुकडे शहाण्या माणसाने आधीच स्वतःकडे ओढावेत. दोन जेवणं असतील तर एक डीप डिश एक टॅव्हर्न, एकच असेल तर टॅव्हर्न. आता लिहा मला पत्रं.

डेट्रॉइटला मात्र दिरांचं ऐका. १९४६ मधे बडीज नावाच्या बारमधे गस ग्वेरा यांनी हा सुरू केला आणि भांडं कुठून आणलं तर गाड्यांच्या कारखान्यातून, नट-बोल्ट आणि सुटे भाग ठेवायचे ते निळसर पोलादी ट्रे! मुंबईत गिरणगावात एखाद्याने मिलमधला ट्रे आणून त्यात ढोकळा लावावा तसं. ट्रे जाड, उष्णता धरून ठेवतो, त्यात विस्कॉन्सिनचं 'ब्रिक' नावाचं चीज थेट काठापर्यंत पसरतात, ते कडेला वितळून पोलादाला चिकटतं आणि काळपट कुरकुरीत भिंत तयार होते. आपल्याकडे भाताची खरवड किंवा दुधाची खरपुडी आवडणारी जी जमात आहे ना, तिच्यासाठीच हा पिझ्झा आहे. सॉस शेवटी, वरून पट्ट्यांसारखा. कोपरा मागा, चार कोपऱ्यांना कडा दोन बाजूंनी मिळते. पेपरोनी इथे बऱ्याचदा चीजच्या खाली लपलेली असते, काकांसाठी नीट विचारा.

यावरून महत्त्वाचं : अमेरिकेत पेपरोनी म्हणजे बीफ आणि पोर्कचं सॉसेज, तुम्हालाही नको आणि काकांनाही नको. इटलीत मात्र 'पेपेरोनी' म्हणजे सिमला मिरची. एकच नाव ऐकून दोन देशांत दोन उलट्या गोष्टी ताटात येतात. अजून एक, काका फारच कडक असतील तर अस्सल पार्मेजान आणि पेकोरिनो रोमानो चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातल्या रसाने विरजतात. वरून किसून घालतात तेच हे, नको म्हणून सांगता येतं.

प्रश्न : पिझ्झा नेपल्सचा, बाकी सगळं नक्कल. तुम्ही अमेरिकेचं एवढं कौतुक का करता? — एक वाचक, ठाणे

नेपल्सबद्दल आदर आहेच हो. पण तिकडून अमेरिकेत जाऊन कोळशाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस जे हातात आहे त्यातून जे करतो ती नक्कल कशी? बटाटा पोर्तुगिजांनी आणला म्हणून बटाटावडा त्यांचा म्हणायचा का?

नेपल्सला गेलात तर दा मिकेले, १८७० पासूनचं. वर्षानुवर्षं तिथे मुख्य दोनच प्रकार, मार्गेरिता आणि मारिनारा. मारिनारा नावाला घाबरू नका, त्यात मासे नसतात, चीजही नसतं, टोमॅटो लसूण ओरेगानो तेल, म्हणजे उपास सोडून कधीही चालेल. लाकडाची भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापते, पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर. म्हणूनच मधे ओला राहतो, तो कच्चा नसतो, काटा-सुरीने खातात किंवा चार घड्या घालून. मार्गेरिता राणीसाठी १८८९ मधे राफाएले एस्पोझितोने तिरंगी पिझ्झा केला ही गोष्ट सगळे सांगतात, इतिहासकार तिच्याकडे संशयाने बघतात. युनेस्कोने २०१७ मधे नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची नोंद घेतली ते मात्र खरं.

प्रश्न : भाच्याची अमेरिकन बायको पहिल्यांदा येतेय. तिला मुंबईत पिझ्झा खायला न्यावं का? की हसेल? — एक वाचक, गिरगाव

न्या! पण तिला तिच्याकडचाच पिझ्झा खायला घालू नका, लोअर परळला कमला मिल्समधे सी नोनाज चांगला नेपल्सच्या धर्तीचा करतात, पण तो तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही. तिला दाखवा आपला.

कारण मुंबईचा पण प्रादेशिक पिझ्झा आहे, आपण मान्य करत नाही एवढंच. डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले १९९६ मधे, एक दिल्लीत एक बंगलोरला. त्याच्याही आधी आपण पिझ्झा खात होतोच ना? बेकरीतून रेडीमेड बेस आणायचा, दोन बेसचं पाकीट, त्यावर गोडसर सॉस नाहीतर चक्क केचप, कच्चा कांदा, सिमला मिरची, टोमॅटोच्या चकत्या आणि अमूलचं चीज क्यूब किसून. ओव्हन कोणाकडे होता? तव्यावर ठेवून वर झाकण. खाली खरपूस, वर चीज अर्धवट वितळलेलं, भाज्या अजून करकरीत. भट्टी आणि भांडंच पिझ्झा ठरवतं म्हटलं ना, आपलं भांडं तवा! सँडविचवाल्याकडे आजही हाच मिळतो, वर हिरवी चटणी लागलेली. घाटकोपरच्या खाऊगल्लीत न्या तिला, तिथे जैन पिझ्झा मिळतो, कांदा-लसूण नसलेला. नेपल्सच्या माणसाला सांगून बघा, घेरी येईल. भाखरी पिझ्झा दिसला तर तोही घ्या, बेस म्हणून गुजराती कडक भाखरी.

तुम्ही गिरगावातच आहात तर चौपाटीवरचं न्यूयॉर्कर पायी अंतरावर. नाव न्यूयॉर्क, जेवण शुद्ध शाकाहारी, यातच सगळी मुंबई आली. समुद्र दाखवायचा असेल तर मरीन ड्राइव्हला पिझ्झा बाय द बे, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, खिडकीजवळचं टेबल मागा, तिथे पिझ्झापेक्षा बाहेर बघण्याचे पैसे आहेत आणि ते वाजवी आहेत असं माझं मत. अंधेरीला जोईज, चीज इतकं की तुकडा उचलल्यावर दोरी तुटत नाही, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, काकूंनी संयम ठेवावा.

एक विषयांतर. जानेवारी २०२५ मधे हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. हवेसाठी ते बरोबरच आहे, माझ्या नातीला दमा आहे. पण पावाची भट्टी बदलली की पाव बदलणार, हे पण तितकंच खरं. भाच्याच्या बायकोला जुन्या बेकरीतला पाव आत्ताच खायला घाला.

प्रश्न : अननस. हो की नाही? — इयत्ता नववी, नेरुळ

हो. आणि हवाईचा काही संबंध नाही बरं का, १९६२ मधे कॅनडातल्या चॅथमला सॅम पानोपुलोस या ग्रीसहून आलेल्या हॉटेलवाल्याने घातला पहिल्यांदा, हवाई हे अननसाच्या डब्यावरचं नाव. अननसाबरोबर हिरवी मिरची बारीक चिरून घाल, आणि डब्यातला नको, ताजा घेतलास तर आधी तव्यावर भाजून पाणी आटवून घे, नाहीतर बेसचा लगदा होतो.

प्रश्न : उरलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमधे चामड्यासारखा होतो, काय करू? — एक वाचक, बोरिवली

मायक्रोवेव्ह बंद. बिडाचा तवा मंद आचेवर, पिझ्झा ठेवा, दोन मिनिटांनी कडेला पाण्याचे चार थेंब टाका पिझ्झावर न उडवता आणि लगेच झाकण. मिनिटभरात चीज मऊ, खाली कडक. हे घावन करणाऱ्या कुठल्याही बाईला न सांगता जमेल.