थाई बोलायला शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीनिमित्त बँकॉकला जायचे आहे. रोमन लिपीतली रोजची वाक्ये पाठ केली, पण ऑनलाइन शिकवणाऱ्या थाई बाईंना माझे उच्चार कळत नाहीत. कुठे चुकत असेल? (डोंबिवली)

उत्तर : बहुधा रोमन स्पेलिंगच नडते आहे. त्यात 'पीएच' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, 'टीएच' म्हणजे थ, 'केएच' म्हणजे ख. नुसते पी, टी, के म्हणजे प, त, क. मराठी माणसाला हा फरक जन्मापासून येतो, फक्त रोमनमध्ये तो दिसत नाही. म्हणून वही देवनागरीत करा.

तरी दोन ठिकाणी आपली जीभ फसते. शहरी मराठीत फ बरेचदा दात ओठाला टेकवून म्हटला जातो. थाईत ते दोन वेगळे वर्ण आहेत : ओठ मिटून 'फन' म्हटले तर हजार, दात टेकवून म्हटले तर दात. दुसरी जागा च. रोमनमध्ये अनेकदा 'जे'ने लिहिलेला वर्ण ज नसून च असतो, तोही 'चंद्र'मधला, 'चमचा'मधला नव्हे. सोमवार म्हणजे 'वन चन', आणि त्यातला 'चन' हा आपला चंद्रच. ग आणि ज हे उच्चार थाईत नाहीत.

शब्दाच्या शेवटचे क, त, प सोडायचे नसतात. 'सिप' (दहा) म्हणताना ओठ मिटले की मिटलेलेच ठेवा, हवा बाहेर येऊ देऊ नका. शेवटी र किंवा ल लिहिलेला असला तर न ऐकू येतो. 'आहार'चे 'आहान' होते ते त्यामुळेच.

ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेतच. नवा स्वर एक : ओठ ई म्हणताना ताणतात तसे ताणून ठेवा आणि आतून ऊ म्हणा. वहीत त्याला वेगळी खूण करा, नाहीतर तो साध्या ऊमध्ये मिसळून जाईल.

प्रश्न : पाच सूर ऐकताना सगळे सारखेच वाटतात. आधी शब्द शिकून सूर नंतर घेतले तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. सुराशिवाय पाठ केलेला शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो, आणि जुनी सवय मोडणे जास्त अवघड असते. थाई शाळांत सुरांची नावे सामान, एक, थो, त्री, चत्तवा अशी आहेत. यातली बरीचशी आपल्याला ओळखता येतात. सामान म्हणजे मधल्या पट्टीत सपाट, एक म्हणजे खालचा, थो वरून खाली पडणारा, त्री वरचा, आणि चत्तवा खाली जाऊन वर चढणारा. एकच अक्षर 'का' घेऊन ते या क्रमाने पाच सुरांत म्हणायचा सराव रोज दहा मिनिटे करा. थाई माणसाचे रेकॉर्डिंग ऐका, लगेच आपले रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. नुसते म्हणत राहिल्याने स्वतःची चूक कानाला कळत नाही.

मग जोड्या घ्या. 'क्लाय' सामान सुरात म्हणजे लांब, थो सुरात म्हणजे जवळ. रिक्षावाल्याला पत्ता विचारताना याहून महागडी गफलत नाही. 'मा' सामान सुरात ये, त्रीमध्ये घोडा, चत्तवामध्ये कुत्रा. स्वराची लांबीही तितकीच मोजून म्हणा. थो सुरातच आखूड 'खाव' म्हणजे आत जाणे, लांब 'खाऽव' म्हणजे भात.

मराठीभाषकांची सर्वांत चिवट चूक वेगळीच आहे. आपण आवाज उंचावून प्रश्न करतो : 'लांब आहे?' थाईत शेवटच्या शब्दाचा आवाज चढवला की त्याचा सूरच बिघडतो. प्रश्नासाठी शेवटी 'माय' (चत्तवा) लावा : 'क्लाय माय', लांब आहे का? उत्तर 'माय क्लाय', लांब नाही. इथला नकाराचा 'माय' थो सुराचा आहे आणि तो आधी येतो.

प्रश्न : लिपी शिकायलाच हवी का? (बडोदा)

उत्तर : आठवड्याभरासाठी जाणार असाल तर नको. राहायला जाणार असाल तर हवीच, कारण सूर लिपीतच लिहिलेला असतो. व्यंजने 44 आहेत, पण क्रम आपल्या वर्णमालेचाच : क-ख-ङ, मग च-वर्ग, अगदी ळपर्यंत. काही स्वरचिन्हे व्यंजनाच्या आधी लिहितात. पहिल्या वेलांटीची सवय असल्याने ते आपल्याला खटकत नाही. व्यंजनांचे तीन गट आहेत : मध्यम 9, उच्च 11, निम्न 24. सूरचिन्ह तेच राहिले तरी गट बदलला की सूर बदलू शकतो. म्हणून 9 मध्यम व्यंजनांपासून सुरुवात करा, तिथे चिन्हाचे नाव आणि सुराचे नाव एकच असते. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे वाचनाला वेग यायला वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही खात नाही. हॉटेलात काय सांगायचे? (सांगली)

उत्तर : 'किन चे' म्हणा (किन = खाणे). 'चे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसते आणि कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द असलेली दुकाने शोधा. 'मङसविरत' हा शब्द आपल्या 'मांसविरती'चाच, पण त्यात अंडी-दूध चालते. साध्या हॉटेलात नुसते 'भाजी द्या' म्हणून भागत नाही, कारण परतलेल्या भाजीतही माशाचा सॉस किंवा कालवांचा सॉस पडतो. 'माय साय' म्हणजे घालू नका : 'माय साय नाम प्ला' (माशाचा सॉस), 'माय साय नाम मन हॉय' (कालवांचा सॉस), 'माय साय खाय' (अंडे). पपईच्या सोम तम कोशिंबिरीत वाळवलेली कोळंबीही असते, तिला 'कुङ हॅङ' म्हणतात. तिखट नको असेल तर 'माय फेत'.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी नम्रतेसाठी पुरुषाने 'ख्रप' लावावे. बाईने विधानाला थो सुरात 'खा' आणि प्रश्नाला त्री सुरात 'खा' लावावे, दोन्ही आखूड. हे बोलणाऱ्यावर ठरते, समोरच्यावर नाही.

प्रश्न : मोठे आकडे जमत नाहीत. (ठाणे)

उत्तर : दहा हजाराला 'मून' आणि लाखाला 'सॅन' असे स्वतंत्र शब्द आहेत. 'मून'मधला ऊ वर सांगितलेला ताणलेल्या ओठांचा. पंचवीस हजार म्हणजे 'सॉङ मून हा फन', दोन दहाहजार पाच हजार. लाखात मोजणाऱ्याला सॅन लगेच बसतो, अडखळायला होते ते मूनपाशी. घरभाड्याचे आकडे घेऊन सराव करा.