जानेवारीत रेझ्युमे उघडतो आणि तिथेच अडकतो

वर्ष संपत आलं की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. यंदा नोकरी बदलायचीच असं ठरवलंय पण सुरुवातच होत नाहीये, आणि शेवटी हमखास "मी आळशी झालोय का हो?" ह्याला एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एक केस सांगते. परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गृहस्थ चाळिशीच्या जवळचे, डिस्पॅचचं काम बघणारे, एकाच कंपनीत बरीच वर्षं. म्हणाले, मॅडम, दर जानेवारीत पहिल्या आठवड्यात फाइल उघडतो, फॉन्ट बदलतो, फोटो ठेवायचा की काढायचा ह्यावर एक संध्याकाळ घालवतो आणि मग पंधरा दिवसांत सगळं थंड. मागच्या वर्षी तर चिडून दोन रात्रींत दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही, मग वर्षभर तिकडे बघितलंच नाही.

मी म्हटलं फाइल दाखवा. लॅपटॉप उघडला, फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल नवीन दोन'. मी फक्त एवढंच विचारलं की खाली वाचत जाताना हात नेमका कुठे थांबतो ते सांगा. जरा वेळ स्क्रोल करत राहिले आणि मग हुद्द्याच्या ओळीवर बोट ठेवलं. सहा वर्षं तोच हुद्दा. प्रमोशन ज्याला मिळालं त्याला काम ह्यांनीच शिकवलेलं, आणि हे घरी कोणाला नीट सांगितलेलंही नाही. बोलता बोलता आवाज चढला, मग एकदम गप्प झाले.

आता अशा माणसाला 'रोज एक तास काढा' म्हणून काय उपयोग? फाइल उघडली की दर वेळी तीच ओळ समोर येणार आणि माणूस फाइल बंद करणार, त्याला आळस म्हणत नाहीत. असं मी खूप जणांत बघितलंय, कोणाची ओळ गॅपची असते, कोणाची अर्धवट सोडलेल्या कोर्सची, कोणाची नोकरीवरून काढलं त्या महिन्याची.

मग रेझ्युमे बाजूला ठेवायला सांगितला. आधी वहीत लिहा म्हटलं, प्रमोशन गेलं तेव्हा काय वाटलं ते, रोज वीसेक मिनिटं, चारपाच दिवस, शुद्धलेखन नको, कोणाला दाखवायचं नाही, फाडून टाकलं तरी चालेल. हे मी मनाने काढलेलं नाही. जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, नोकरी गेलेल्या ६३ अनुभवी लोकांवरचा, त्यात ज्यांनी नोकरी जाण्याबद्दलच्या भावना लिहून काढल्या त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकरी मिळाली. आणि ते काही जास्त धावपळ करत होते म्हणून नाही, जुन्या नोकरीकडे बघायची त्यांची नजर बदलली असं संशोधकांना वाटलं. अभ्यास छोटा आहे, शिवाय आमच्या गृहस्थांची नोकरी चालू होती, त्यामुळे जादू म्हणून विकणार नाही, पण इंटरव्ह्यूत "का सोडताय?" विचारल्यावर ज्यांचा चेहरा बदलतो त्यांच्यासाठी मी हे वापरते. गृहस्थ पुढच्या भेटीला आले तेव्हा म्हणाले, तीन दिवस नुसत्या शिव्या लिहिल्या, चौथ्या दिवशी कंटाळा आला. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर कामाची यादी. रेझ्युमेत लिहिलेलं काय, तर 'डिस्पॅचची जबाबदारी सांभाळली'. ह्यातून वाचणाऱ्याला काय कळणार? मी विचारलं, गेल्या वर्षी तुम्ही सुट्टीवर गेल्यावर काय अडलं? तर म्हणे संध्याकाळची एक शीट आहे, ऑर्डर आणि लोड झालेला माल जुळवायची, ती मी बनवली, ती नसेल तर चुकीचा माल जातो आणि परत येतो. आधी कोण जुळवत होतं? कोणीच नाही. मग हे लिहिलं का नाहीत? "त्यात काय मॅडम, कोणीही करेल." आधी कोणी केलं नव्हतं हो! मग वर्षभराचं कॅलेंडर आणि पाठवलेले मेल महिन्यामागून महिना चाळून अशा गोष्टी स्वतःच्या शब्दांत उतरवायला सांगितल्या, माल परत येण्याचं प्रमाण आधी किती आणि नंतर किती हेसुद्धा. हे नोकरीत असतानाच करा, बाहेर पडलात की मेल बंद होतो. मात्र कंपनीच्या फाइली किंवा गिऱ्हाइकांचे तपशील स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्यात नोकरीही जाऊ शकते.

रेझ्युमेच्या दिसण्यावर मी जास्त वेळ घालवत नाही. ह्यांचा दोन कॉलममध्ये, टेबलं घालून केलेला होता. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला तर अनुभव आणि शिक्षण एकमेकांत मिसळलेलं, अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तसंच दिसण्याची शक्यता असते. एक कॉलम केला, विषय संपला.

जानेवारीची घाई मात्र डोक्यातून काढावी लागते. कंपनीचं नवीन बजेट आलं की बऱ्याच ठिकाणी नव्या जागा मंजूर होतात हे खरं, पण मंजुरी, जाहिरात, चाळणी, दोनतीन राउंड ह्यात आठवडेच्या आठवडे जातात, शिवाय सगळ्या कंपन्यांचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि बोनस हातात पडल्यावर लोक सोडतात तेव्हाही जागा निघतात. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही म्हणजे वर्ष फुकट गेलं असं काही नसतं.

सगळ्यात जड गेलं ते लोकांना सांगणं. मागितल्यासारखं वाटतं म्हणे. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच मांडलंय की नोकरीची बातमी जवळच्यांपेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइन ह्या कामाच्या ओळखी आणि नोकऱ्यांच्या साइटवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या प्रयोगातही फार घट्ट नाही, अगदीच नावापुरती नाही अशी मधली ओळख जास्त कामी आलेली दिसली. तर ह्यांनी जुन्या सहकाऱ्याला लिहिलं, "बरेच दिवसांनी मेसेज करतोय. तू वेअरहाऊस प्लॅनिंगमध्ये गेलास असं कळलं, त्या कामात जायचा विचार करतोय, पंधरा मिनिटं बोलता येईल का?" नोकरी मागितलीच नाही. असे मेसेज बऱ्याच जणांना गेले, निम्म्यांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी स्वतःहून रेझ्युमे मागितला.

एप्रिलमध्ये पहिला इंटरव्ह्यू झाला, तिथे नकार आला. दुसऱ्या ठिकाणी "का सोडताय?" ला "इथे शिकून झालंय, आता प्लॅनिंग करायचंय" एवढंच बोलले आणि शीटबद्दल मात्र दहा मिनिटं बोलले. तिथे काम झालं, हुद्दाही वरचा मिळाला.

मधे त्यांनी एक प्रश्न विचारला होता जो बरेच जण विचारतात, लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधतोय अशी खूण, लावू का, ऑफिसात कळेल का. नोकरीत असाल तर फोटोभोवतीची हिरवी पट्टी नको, फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं पण शंभर टक्के हमी देत नाही, तेव्हा साहेबांना कळलं तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनाम्याचा मेल टाइपसुद्धा करू नका.